पंचवीस नंबरचं दार

आमच्या असोद्याच्या घरात कापूस ठेवायची एक खोली होती. कापूस विकला गेला की ती उन्हाळाभर रिकामी पडायची. त्या रिकाम्या खोलीत मी माझा सर्व्हर मांडला होता. सर्व्हर म्हणजे काय, तर जळगावातला एक टायपिंग क्लास बंद पडला तेव्हा तिथून उचलून आणलेला जुना कॉम्प्युटर. त्याचं झाकण कायम उघडं, कारण झाकण लावलं की तो तापून बसकण मारायचा. झाकण काढलं की खोलीत उरलेले कापसाचे तंतू त्याच्या पंख्यात जाऊन अडकायचे आणि पंखा कुरकुरायला लागायचा. मी रोज सकाळी फुंकर मारून ते काढायची. त्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स चढवलं होतं, आणि त्यावर घरची मेलची व्यवस्था. कॉलेजात सगळ्यांचे पत्ते फुकटच्या मोठ्या कंपन्यांचे होते. आमचे मात्र आमच्या आडनावाचे, आमच्या घरून निघणारे आणि आमच्याच घरी येणारे. ह्याचा मला जो माज होता, त्याच्या निम्मासुद्धा नंतर कुठल्या नोकरीचा झाला नाही.

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, माझ्याहून जास्त. ते केळी-कापसाचे शेतकरी, शिक्षण बेताचं, पण हौस दांडगी. कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्वतःचं नाव, मग ते गोल शेपटीचं चिन्ह आणि मग घरचं आडनाव बघितलं, तेव्हा त्यांनी आईला हाक मारून दाखवलं होतं. मग आईला पत्ता, अक्काला पत्ता, मला पत्ता. म्हैस राहिली म्हणून तिच्याही नावाचा एक काढून मागितला, आणि मी दिला. म्हैस जाऊन किती उन्हाळे झाले, तिला अजून लॉटरी लागल्याची पत्रं येतात.

अक्का, म्हणजे प्रतिभा, माझी मोठी बहीण. तिचं लग्न शिंदखेड्याला झालं आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. आम्ही दोघी एका खाटेवर झोपायचो. ती गेल्यावर आईने मला ती खाट पूर्ण देऊन टाकली, आणि मी तरी भिंतीकडच्या अर्ध्या भागातच झोपायची. अक्का असताना घरात सतत काहीतरी वाजत असायचं. तिच्या हातून भांडी पडायची, ती मोठ्याने हसायची, बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ हाटताना अंगणातून शेजारणीशी वरच्या पट्टीत बोलायची. त्या उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे घातले तर मी आणि आई दोघीच होतो, आणि सगळं काम मुकाट्याने झालं. आई एकदाच म्हणाली, "ते कोपऱ्यातले जाड झाले व माय. प्रतिभी असती तं पातय टाकले असते." मग आम्ही दोघी खाली येऊन ताक प्यायलो.

आता आखाजीचं सांगायला हवं. बाकी महाराष्ट्र अक्षय तृतीयेला सोनं घेतो. आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, सांजोऱ्या आणि आमरस खातात आणि उन्हातान्हात गावभर हुंदडतात. पण पोरगी आपणहून येत नाही. माहेराहून बोलावणं जावं लागतं. त्याला मूळ म्हणतात, आणि ते घेऊन जो तिला आणायला जातो तो मुराळी. बहुतेक भाऊच असतो. लग्नानंतरची पहिली आखाजी असेल तर मूळ रीतीनेच गेलं पाहिजे, फोनवर सांगून भागत नाही. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे मूळ एकदाच धाडतात. ते पोचलं का, कधी धाडताय, असं माहेरचे विचारत नाहीत. विचारलं तर व्याह्यांवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. आणि लेक तर मेली तरी विचारायची नाही की मला बोलावणं का नाही आलं. ही रीत कोणी शहाण्याने काढली असेल, पण त्याच्या घरी मेल सर्व्हर नव्हता.

आम्हाला भाऊ नाही. मुराळी कोण, हा प्रश्न आबांनी पुढे ढकलला आणि मूळ मात्र मेलने धाडायचं ठरवलं. अक्काचे सासरे, अप्पा, निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता, फुकटच्या कंपनीचा का होईना पण पत्ता होता. आबा म्हणाले, "असं मूय आख्ख्या असोद्यात कोनी धाडलं नसंल." ते खाटेवर मांडी घालून बसले, सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. पाठवायचं बटण त्यांनी स्वतः दाबलं, आणि दाबल्यावर पडद्याला नमस्कार केला. मग बाहेर जाऊन निंबाला झोका बांधला. गल्लीतल्या पोरी लगेच धावल्या, तर त्यांना हाकलून लावलं आणि दोर वर गुंडाळून ठेवला.

अक्काचा फोन यायचा. आई उन्हाचं बोलायची, लोणच्याच्या कैऱ्यांचं बोलायची, म्हशीचं बोलायची. अक्का ऐकायची. मूळ गेलं त्यानंतरच्या एका फोनवर तिने मध्येच विचारलं, "झोका बांधला का व आई?" आणि आईने आनंदाने सांगितलं, "बांधला ना माय, कवाचाच बांधला."  अक्का नुसतं म्हणाली, "बरं." फोन ठेवल्यावर आई सांजोऱ्यांचा रवा भाजायला बसली. इतकी खूश होती की मला कढईजवळ उभं करून एका बहिणीने दुसरीला ओवाळावं कसं तेही सांगत होती.

परीक्षा होती म्हणून मी ते दिवस जळगावला मैत्रिणीकडे राहत होते. परत आले तर आबा ओसरीवरच. चष्मा कपाळावर, चेहरा फुललेला. "वंदे, चाल लवकर. व्याह्याचं उत्तर आलं. आख्खं इंग्रजीत लिहिलं हाये! आन् खाली माह्यं पत्र जसंच्या तसं जोडलं हाये. मास्तर मानूस, रीत कशी पायली पाय." गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. आईने रस काढायला आंबे आढीतून वेचून ठेवले होते. आत जाऊन बघते तर पत्र आमच्याच सर्व्हरने धाडलेलं. तुमचं पत्र पोचवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पलीकडून कोणी बोललं नाही, आता मी नाद सोडतो, हे घ्या तुमचं पत्र परत. एवढा मजकूर, इंग्रजीत, आणि खाली आबांचं मूळ.

मी ते आबांना मराठीत सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा कसा झाला, ते मला अजून नीट लिहिता येत नाही. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर ठेवला आणि विचारलं, "म्हनजे प्रतिभीले वाटत असंल, आपन तिले बलावलंच नई?" आई दारात उभी होती. तिला फोनवरचं झोक्याचं बोलणं आठवलं आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसली. आखाजी तोंडावर आली होती.

मी कापसाच्या खोलीत शिरले. बाहेरून येणारी पत्रं तर धडाधड येत होती, म्हशीचीसुद्धा. घरातल्या घरात एकमेकांना धाडलेलीही पोचत होती. रांग बघितली, म्हणजे निघायची वाट बघत बसलेली पत्रं, तर बाहेरगावचं प्रत्येक पत्र तिथे अडकलेलं. आबांनी केळीवरच्या करपा रोगाबद्दल एका शेतीच्या मासिकाला लिहिलेली तक्रार, माझी मैत्रिणीला धाडलेली चित्रं, सगळं. आधी ही पत्रं व्यवस्थित जात होती, म्हणून तर मी निर्धास्त होते. आधी मी माझ्याच भिंतीला दोष दिला आणि फायरवॉल बंद करून पाहिली. मग पत्ते शोधणाऱ्या सेवेवर संशय घेतला, ती ठणठणीत निघाली. मॉडेम बंद करून चालू केला, त्याचे दिवे नेहमीसारखे लुकलुकले. तेवढ्यात लाईट गेली. त्या काळात भारनियमन म्हणजे घरातला एक जादाचा पाहुणाच होता, कधी येईल त्याचा नेम नाही आणि आला की लवकर उठायचा नाही. आईने पन्हं आणून दिलं. मी ते पीत अंधाऱ्या पडद्यासमोर बसून राहिले.

लाईट आल्यावर मी हाताने टकटक करून बघितलं. मेलवाल्या प्रत्येक मशीनला पंचवीस नंबरचं दार असतं. त्या दारावर आपण टेलनेट नावाच्या आज्ञेने थाप मारू शकतो. दार उघडं असेल तर पलीकडून दोनशे वीस असा आकडा येतो आणि मागोमाग नमस्कार. मी अप्पांच्या कंपनीच्या दारावर थाप मारली. काही नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या, तिसऱ्या. कुठूनच काही नाही, नुसता लुकलुकणारा कर्सर. एक दार बंद असेल तर त्या घरचे बाहेर गेलेत म्हणावं, पण गावातली सगळीच दारं बंद कशी? आबांनी मोटरसायकल काढली आणि मला जळगावला कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं. तिथून तीच थाप, त्याच दारावर. बोटं की-बोर्डवरून उचलायच्या आत दोनशे वीस आणि नमस्कार. म्हणजे पलीकडची दारं उघडीच होती. बंद होती ती आमच्या घरून निघणारी वाट.

इंटरनेटवाल्यांच्या ऑफिसातला माणूस सभ्य होता. लोकांच्या घरच्या मशीनमध्ये व्हायरस शिरतो आणि त्या जगभर कचरा मेल पाठवत सुटतात, म्हणून घरगुती जोडण्यांचं ते बाहेरचं दार आता सगळ्यांसाठीच बंद केलंय, असं त्याने सांगितलं. तुमची पत्रं आमच्या मशीनकडे द्या, नाव आणि पासवर्ड सांगून, दुसऱ्या दाराने. आमची मशीन ती पुढे पोचवेल. मला हायसं वाटलं. पण परतीच्या वाटेवर मागे बसून मी हे आबांना ओरडून सांगितलं, तर त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवली. "आपल्या घरचं मूय परक्याच्या हातून काहून धाडाचं? मंग हे आपलं मशीन कशाले?" मी पुष्कळ समजावलं. ऐकेनात. बोलावणं माहेरचं, आणि ते पोचवणार कोण, तर फोनच्या तारा ओढणारी कंपनी, हे काही केल्या त्यांच्या पचनी पडेना. आमचा हट्ट एकाच मातीचा, म्हणून मीही तोंड फुगवून बसले.

घरी आल्यावर आईने दोघांचं ऐकून घेतलं. ती कणिक तिंबत होती, मान वर न करता म्हणाली, "मुरायी मूय घेऊन जातो, म्हनून मूय काय मुरायाचं होतं का? तुमच्या लग्नानंतर मले घ्यायले माह्या बापानं शेजारचा माधव धाडला होता. मी काय माधवच्या घरी गेली?" आबा उठले, हातपाय धुऊन आले आणि माझ्या खोलीत येऊन म्हणाले, "कर तुले काय कराचं ते."

मी मांडणी बदलली. पहिल्यांदा कंपनीच्या मशीनने ओळख पटत नाही म्हणून हाकललं. पासवर्डची फाईल लिहिली होती, पण तिच्यावरून सर्व्हरला वाचता येईल असा तक्ता बनवायची आज्ञा घाईत राहून गेली होती. ती दिली. आबांचं मूळ पुन्हा धाडलं आणि रांगेला निघायला सांगितलं. पडद्यावर ओळी सरकायला लागल्या, प्रत्येकीच्या शेवटी 'सेंट', 'सेंट'. करप्याची तक्रारसुद्धा गेली. मग मी रांग बघितली आणि सर्व्हर म्हणाला, मेल क्यू इज एम्प्टी. मी ओरडले. आबा आणि आई दोघंही धावत आले.

पण आबांचं समाधान होईना. पत्र गेलं, पण ते अप्पा कधी उघडणार? फोन करून "मेल बघा" म्हणायचं तर रीत मोडते, आणि सणाच्या तोंडावर सांगितलं तर आधी विसरले आणि आता आठवलं असं दिसतं. आई म्हणाली, "वंदीच जाईल मुरायी." आबा म्हणाले, "पोरगी कुठी मुरायी जाते का?" आईने डब्यात सांजोऱ्या भरायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळगावहून धुळ्याची एसटी धरली. धुळ्याला बस बदलली. खिडकीचं लोखंड हाताला चटका देत होतं, आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर माहेरी निघालेल्या पोरी चढत होत्या, उतरत होत्या, कुणाच्या डोक्यावर पेटी, कुणाच्या कडेवर पोर. सोनगीरचा किल्ला दिसला तरी अक्का बोलली नाही तर काय करायचं, हे मी ठरवलेलं नव्हतं.

अक्काची सासू ओट्यावरच होती. मला बघून उठली. "ये वं बई, ये. इतला उनमा एकलीच उनी? बस, पानी पे." पाणी दिलं, पण मग बोलावणं का आलं नाही ते विचारल्याशिवाय राहवलं नाही तिला. "तुमनं बोलावणं उनंच नही. बठ्ठ्या पोरी माहेरले चालन्यात, हाई एकली घरमा बठेल शे. आम्ही काय समजानं?" मी घडलेलं सगळं सांगितलं, पंचवीस नंबरच्या दारासकट. ती माउली दारापर्यंत समजली, पुढचं तिने सोडून दिलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. वाळली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "झोका बांधून टाकला म्हने." एवढंच. मला रडायलाच आलं, आणि मी मुराळी असल्यामुळे रडणं बरं दिसेना.

अप्पा आतून आले. प्रमाण मराठीत बोलायचे ते, वर्गात उभं राहिल्यासारखे. "मूळ लेखी धाडलेलं आहे ना? मग ते आधी वाचलं पाहिजे." त्यांनी कॉम्प्युटर लावला, आम्ही सगळे मागे उभे. आबांचं पत्र आलेलं होतं. अप्पांनी ते खड्या आवाजात वाचलं. "व्याही अप्पांस सप्रेम नमस्कार. चि. प्रतिभाला आखाजीस धाडावे ही विनंती. केळीला पाणी देणे चालू आहे. आंबा बरा आहे. घरात करमत नाही. निंबाला झोका बांधला आहे. प्रतिभाच्या आधी कोणास बसू दिलेले नाही व देणार नाही." अप्पा तिथे थांबले. त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली, ह्या वेळी हळू. मागे वळून बघितलं तर अक्का तिथे नव्हती. ती आत बॅग भरत होती, आणि भांडी नाहीत तरी तिच्या हातून काहीतरी धाडकन पडलं. तो आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्या आखाजीला आम्ही केवढा गोंधळ घातला! अक्का झोक्यावर पहिली बसली, आबांनी स्वतः दोर सोडून दिला. उन्हं उतरेपर्यंत ती उतरायला तयार नव्हती. मी पाठीमागून झोका देत होते, आणि तिचा पदर प्रत्येक वेळी माझ्या तोंडावर येत होता. केस पांढरे झाले तरी त्या पदराचा उन्हात तापलेला वास मला येतो. मग मी जे काही करत असेन ते बाजूला ठेवावं लागतं.

पुढे माझंही लग्न झालं, शहरं बदलली, घरं बदलली. आबा-आई राहिले नाहीत. असोद्याचं घर चुलत्यांकडे आहे, निंब रस्तारुंदीत गेला. मेलचा सर्व्हर मात्र मी प्रत्येक घरात मांडला. आता तो पुस्तकाएवढ्या एका डबीत राहतो आणि आवाज करत नाही. आबांचा पत्ता मी बंद केला नाही. त्यांची जुनी पत्रं वाचावीशी वाटतात म्हणून अक्काने एकदा त्याचा पासवर्ड मागून घेतला होता. आखाजीच्या आधी मी सवयीने रांग बघते. मेल क्यू इज एम्प्टी. ती ओळ बघून मी एकदा ओरडले होते. आता वाचते आणि खिडकी बंद करते. नवरा, मुलं, सगळं चांगलं आहे माझं. पण आई-बाप गेल्यावर बाईला आखाजीला बोलावणारं कोणी उरत नाही, आणि ते दुसऱ्या कशाने भरून निघत नाही.

यंदा आखाजीच्या तोंडावर सकाळी मेल उघडला तर वर आबांचं नाव.  आत लिहिलं होतं, "चि. वंदनास आखाजीस यावे. शिंदखेड्यास निंबाला झोका बांधला आहे. घरात करमत नाही." खाली नाव आबांचंच.

कोणी धाडलं ते मी विचारलं नाही. मूळ आलं की विचारत नाहीत. त्या दिवशी अक्काला फोन केला. आम्ही उन्हाचं बोललो, तिच्या गुडघ्यांचं बोललो, आंब्यांच्या भावाचं बोललो. फोन ठेवता ठेवता मी म्हणाले, "अक्का, झोका बांधला का?"

"बांधला ना. कवाचाच बांधला."

"कोणी बसलं?"

 "नई व माय. अजून कोनाले बसू नई दिलं."